दाटीला दोष देणं सोपं आहे

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात, लोकसंख्येवर परिसंवाद झाला. पहिले वक्ते दोन अपत्यांच्या सक्तीच्या बाजूचे. त्यांनी मॉरिशसचा दाखला दिला. एवढंसं बेट, मुलं मोजून होऊ दिली, म्हणून आज श्रीमंत. दुसऱ्या वक्त्यांनीही मॉरिशसचाच दाखला दिला. आपल्या महाराष्ट्रापेक्षा कितीतरी दाट वस्ती, तरी त्यांचं कुठे अडलं? तेव्हा लोकसंख्या हा प्रश्नच नाही. दोघांनाही टाळ्या पडल्या. एकच देश दोन उलट गोष्टी कशा काय सिद्ध करतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी मागच्या रांगेत बसले होते, मीही विचारलं नाही, आणि ते तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दाटी ही मॉरिशसची खरी अडचण होती, आजही आहे. पण त्या देशाचं बरंवाईट तिने ठरवलं नाही. ते ठरलं जमीन कुणाच्या हाती आली, शाळा कुणाच्या मुलींना मिळाली आणि निवडणूक हरलेल्यांना सत्तेत जागा उरली की नाही, यावर. जे लोक फक्त डोकी मोजतात, मग ती कमी करायची म्हणून असो की वाढवायची म्हणून, ते या तिन्ही प्रश्नांना बगल देतात. आणि बगल देणं सोयीचं असतं, कारण डोकी गरिबांची मोजली जातात आणि जमीन मोजायला गेलं की श्रीमंतांच्या कुंपणाशी जावं लागतं.

आधी जागेचा अंदाज घेऊ. मॉरिशसचं मुख्य बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. रॉड्रिग्ज, अगालेगा अशी दूरची बेटं धरूनही देशाचं क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात साडेबारा लाखांच्या आसपास माणसं. दर चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर. आफ्रिका खंडात मोडणाऱ्या देशांत एवढा दाट दुसरा नाही. बेट ज्वालामुखीचं, भोवती प्रवाळाची कडा, मधोमध उंच पठार. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि तिथून तासाभराच्या अंतरावर पठारावर चार हजारांपर्यंत पडतो. माणसंही या भूगोलावर सारखी पसरलेली नाहीत. राजधानी पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाक्वा, क्युरपीप अशी गावांची एक सलग माळ पठारावर चढत जाते. ही माळ वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे १८६६ ते १८६८ ची मलेरियाची साथ. बंदराच्या शहरात हजारो माणसं मेली आणि ज्यांना जमलं ते थंड हवेच्या उंचीवर पळाले. दाटीलासुद्धा इतिहास असतो. माणसं एका ठिकाणी का कोंबली गेली, याचं उत्तर जन्मदरात नेहमी सापडत नाही.

आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीकडे बघा. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात चौरस किलोमीटरला १६३ माणसं होती, रत्नागिरीत १९७. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दशकात वाढली नाही, उलट घटली. पाऊस भरपूर, समुद्र शेजारी, माणसं कमी आणि आणखी कमी होत चाललेली. डोकी मोजणाऱ्यांच्या हिशेबाने कोकण केव्हाच सुखी व्हायला हवं होतं. मग आमच्या वाडीतली पाच घरं गणपतीपुरती का उघडतात? माझ्या घराला लागून असलेल्या घराची किल्ली आमच्या खुंटीला टांगलेली असते. भाद्रपद जवळ आला की मी जाऊन दारं उघडते, जळमटं काढते आणि पंख्याखाली एक दिवस घर वाळू देते. मॉरिशसला गेलेले मराठी लोक याच पट्ट्यातून आणि घाटावरून मुंबई बंदरात जाऊन जहाजावर चढले. तिथली मराठी मंडळी गणपतीत झाकरी नाचतात, ती आपली जाखडीच. विरळ कोकणातून दाट बेटावर गेलेल्या माणसांच्या पणतवंडांचं सरासरी उत्पन्न आज भारतीय माणसाच्या चौपटीहून जास्त आहे. दाटीच नशीब ठरवत असती, तर हे उलटं व्हायला हवं होतं.

पहिल्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र टाळून चालणार नाही, आणि तो मांडला होता एका मोठ्या अर्थतज्ज्ञाने. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल नावाचं चक्रीवादळ बेटावरून गेलं. घरं कोसळली, त्या वर्षीचं साखरेचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं. त्याच वर्षी जेम्स मीड अभ्यासाला आले. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९६१ च्या अहवालात त्यांनी जे लिहिलं त्याचा सारांश असा: मलेरिया हटल्याने मृत्यू कमी झाले, जन्म तेवढेच राहिले, लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या वेगाने वाढते आहे, म्हणजे पंचविशीच्या आत दुप्पट. लागवडीखालची जवळपास सगळी जमीन उसाखाली, निर्यात जवळपास सगळी साखरेची, आणि त्यावर जाती-धर्म-वंशाची भांडणं. शांततेने प्रगती होण्याची आशा कमी. समाजधोरणाचे ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांच्या वेगळ्या अहवालाने त्याच सुमारास कुटुंबनियोजनाची निकड मांडली. हे लोक बेटाचे शत्रू नव्हते आणि त्यांचं गणितही चुकलेलं नव्हतं. तीन टक्के वाढ चालूच राहिली असती तर मॉरिशस आज कुठे असता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दाटीचे घाव आजही दिसतात. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला. डोंगरउतारावर घरं, ओढ्यांवर सिमेंट, पाणी शहरात शिरलं आणि दहाहून जास्त माणसं गेली, त्यांतली काही रस्त्याखालच्या भुयारी वाटेत अडकून. जागा मुबलक असती तर ओढ्याच्या पात्रात कुणी बांधकाम केलं असतं का? या प्रश्नाला माझ्याकडे हसण्यावारी न्यायचं उत्तर नाही.

पण मीड यांच्या गणितातली एक संख्या पुढच्या दहा वर्षांत कोसळली आणि ती कशी कोसळली, हे सक्तीवाल्यांनी नीट बघावं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बाईला सरासरी सहाच्या जवळपास मुलं होत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा साडेतीनच्या आसपास आला. एवढ्या वेगाने जन्मदर घटल्याची उदाहरणं जगात थोडी आहेत. यासाठी कायदा झाला नाही. कुणाचं रेशन तोडलं नाही, कुणाची नोकरी गेली नाही, कुणाची उमेदवारी रद्द झाली नाही. १९५७ मध्ये कुटुंबनियोजनाची संस्था निघाली. कॅथलिक चर्चचा कृत्रिम साधनांना विरोध होता, तर १९६३ मध्ये कॅथलिकांनी आपली वेगळी संस्था काढली, नैसर्गिक पद्धत, म्हणजे अंगाच्या तापमानावरून सुरक्षित दिवस ओळखणं, शिकवणारी. सरकारने दोन्ही संस्थांना हात दिला. ज्या बाईला गोळी चालत होती तिने गोळी घेतली, जिला चालत नव्हती तिने दुसरी वाट धरली.

तीन वर्षांपूर्वी मी तिथे पंधरा दिवस होते, व्हाक्वाजवळच्या एका मराठी घरात. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मराठी कळत होतं, बोलताना मात्र क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोली, यायची. नात मराठी शिकलेली, ती मध्ये बसून सांगायची. आजी नऊ भावंडांतल्या. त्यांना स्वतःला तीन मुलं. नातीला एकच मुलगा, आणि पुढे विचार नाही. मी विचारलं, नवावरून तीनवर कशा आलात? सरकारी माणसं मागे लागली होती का? आजींना प्रश्नच विचित्र वाटला. दवाखान्यात नर्स असायची, तिला विचारायचं, एवढंच त्या म्हणाल्या. मग शेजारणीची आठवण निघाली. शेजारीण कॅथलिक. तिच्या खाटेशेजारी भिंतीवर कॅलेंडर आणि त्याला दोऱ्याने बांधलेला थर्मामीटर असायचा. रोज सकाळी उठण्याआधी ताप बघायची आणि कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडा लिहायची. ‘आम्ही तिला हसायचो,’ आजी म्हणाल्या, ‘पण तिलाही तीनच झाली.’ मग आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. थोरल्या मुलीला पंधरावं लागलं तेव्हा शाळेची फी बंद झाली. त्याआधी घरात ठरल्यासारखं होतं की मुलगा शिकेल आणि मुली घरी बसतील.

फी बंद झाली ते १९७७ साल. त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९७५ मध्ये, विद्यार्थी हजारोंनी रस्त्यावर उतरले होते, पोलिसांशी चकमकी झाल्या होत्या. नंतर सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केलं. जन्मदर त्याआधीच उतरू लागला होता, हे मला मान्य आहे. लग्नाचं वय वाढत होतं, दवाखाने गावोगाव होते, मुलं जगत होती. पण कमी मुलं ही वाट टिकली ती शाळेमुळे. आणि पुढे ऐंशीच्या दशकात कपड्यांचे कारखाने भराभर निघाले तेव्हा कामाला गेलेल्या बायकांमुळे.

याच सुमारास आपण काय करत होतो? १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एरवी देशात असा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणून आपली नोंद झाली असती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या राज्यात हे घडलं. कर्वे बाईच्या शरीरावर बाईचा हक्क सांगत होते. अर्धशतकानंतर विधिमंडळ माणसांच्या शरीरावर सरकारचा हक्क सांगत होतं. आणीबाणीतल्या त्या धाकदपटशाने कुटुंबनियोजन हा शब्दच लोकांनी टाकला, नंतर कित्येक वर्षं आरोग्यसेविकेला दारात उभं करायला लोक बिचकत. दोन अपत्यांची अट २००१ पासून आपल्या पंचायतींच्या निवडणुकांना लागू आहे, २००५ पासून सरकारी नोकरीलाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं भरली. ज्या राज्यांत अशी अट कधीच नव्हती, त्या केरळ-तमिळनाडूत हा आकडा आपल्या आधी खाली आला. मग अटीने साधलं काय?

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. लोकसंख्या हा प्रश्नच नाही, असं म्हणणारे मॉरिशसचं यश दाखवतात आणि त्यामागची नशिबाची साथ सांगत नाहीत. साथ मोठी होती. १९७५ मध्ये युरोपशी करार झाला आणि दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायची हमी मिळाली, हा भाव बरेचदा जागतिक बाजाराच्या कितीतरी वर असे. २००९ पर्यंत ही मेहेरबानी चालली. स्वातंत्र्याच्या आगेमागे बरेच लोक ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाला निघून गेले, तेवढा भार हलका झाला. भारताबरोबर १९८३ पासून दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार होता, त्याच्या आडोशाने जगाचा पैसा पोर्ट लुईमार्गे मुंबईत येत राहिला आणि तिथे वित्तीय व्यवसाय उभा राहिला. २०१६ मध्ये भारताने तो करार बदलून घेतला. एवढं सगळं वजा करून मॉरिशसची पाठ थोपटायची असेल तर थोपटावी.

तरीही नुसत्या नशिबाने हे घडलं असं मला वाटत नाही. कारण हेच नशीब दुसऱ्या एका बेटदेशालाही मिळालं होतं. फिजी. तिथेही गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, तिथेही ऊस, तिथेही युरोपच्या त्याच करारात साखरेचा मोठा वाटा. क्षेत्रफळ मॉरिशसच्या नऊपट आणि माणसं त्याहून कमी. चौरस किलोमीटरला पन्नासच्या आसपास. मग १९८७, २००० आणि २००६ मध्ये सरकारं उलथली ती कुठे? फिजीत. गिरमिटियांची पोरंबाळं बॅगा भरून ऑकलंड-सिडनीला गेली ती कुठून? फिजीतून. तिथली बहुतेक जमीन मूळ रहिवाशांच्या सामूहिक मालकीची, विकता न येणारी. या नियमामागे एक न्याय आहे, कारण आपली भूमी परक्यांच्या हाती जाऊ नये हा मूळ रहिवाशांचा हक्कच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावणारा माणूस भाडेपट्ट्यावर राहिला, पट्टा संपला की बेघर झाला आणि जमीन व सत्ता यांचं भांडण बंदुकीपर्यंत गेलं. मॉरिशसमध्ये माणूस आधी राहत नव्हता, त्यामुळे तिथे मूळ मालकाचा प्रश्न उद्भवला नाही. पण मूळ मालक नसला म्हणून जमीन सगळ्यांना मिळते असंही नाही.

ही गोष्ट मला बसच्या खिडकीतून समजली. पोर्ट लुईहून उत्तरेकडे निघालं की उसाच्या शेतांत मध्येच काळ्या दगडांचे ढीग दिसतात. काही घराएवढे, नीट पायऱ्या पायऱ्यांनी रचलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, जुनं देऊळ असेल. हे ज्वालामुखीचे दगड आहेत. उसाला माती मोकळी करायची म्हणून गुलामांनी आणि नंतर गिरमिटियांनी एकेक उचलून रचलेले. मी एका ढिगाशी उतरून बघितलं. खालचे दगड दोन माणसांना हलणार नाहीत असे, वरचे नारळाएवढे, फटींतून शेवाळ आणि सुकलेली पाचट. वर्षानुवर्षं हेच काम. १८३४ पासून पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून वर आले की नोंदवहीत क्रमांक पडायचा. कामावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची.

पण १८८० च्या आसपासपासून एक बदल झाला. बीटच्या साखरेने उसाचा भाव पाडला, मोठे मळेवाले अडचणीत आले आणि त्यांनी कडेची, खडकाळ, अडनिडी जमीन तुकडे पाडून विकायला काढली. तिथे याला ग्राँ मॉर्सेलमाँ म्हणतात, म्हणजे मोठी तुकडेवाटणी. ती घेतली भारतीय मजुरांनी, हप्त्याहप्त्याने, बायकांच्या अंगावरची चांदी मोडून. १९२० च्या दशकापर्यंत उसाखालच्या सुमारे एक तृतीयांश जमिनीचे मालक भारतीय वंशाचे झाले होते. या तुकड्यांवर शाळेची फी निघाली, वकील-डॉक्टर-शिक्षक निघाले, मतदार निघाले आणि शेवटी पंतप्रधानही निघाले.

आणि गुलामांचं? १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने २१ लाख पौंड दिले, ते मालकांना. ज्यांनी दगड उचलले होते त्यांना काही नाही. थोड्यांनी जमिनीचे तुकडे घेतले, पण बहुतेक जण मळे सोडून किनाऱ्याला, डोंगराच्या कडेला, शहराच्या वस्त्यांत गेले. त्यांचे वंशज म्हणजे आजचा क्रिओल समाज. गरिबी, पडकी घरं, शाळेतून गळती, तुरुंगातली संख्या, या सगळ्यांत तो पुढे आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देश चार दिवस पेटला. दाटीच्या सिद्धांताला माझा सगळ्यात साधा प्रश्न इथे आहे. हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल, गोरे, सगळे याच दोन हजार चौरस किलोमीटरमध्ये राहतात. दाटी सगळ्यांना सारखी. मग फळं वेगळी का? रॉड्रिग्ज बेट मुख्य बेटापेक्षा विरळ आहे, वस्ती जवळपास पूर्ण क्रिओल, आणि देशात गरिबी तिथे सर्वांत जास्त. तिथली तरुण मुलं विमानाने दाट बेटावर कामाला येतात. कोकणातली मुलं मुंबईला जातात तशी.

सत्तेचं वाटप हा तिसरा धागा, आणि इथे मॉरिशसचं मला खरोखर कौतुक वाटतं. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधात ४४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. भीती एकच, हिंदू राज्य येईल. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगे झाले, ब्रिटिश फौज आणावी लागली. दोन महिन्यांत, १२ मार्चला, देश स्वतंत्र झाला. अशा वेळी जिंकलेल्यांनी हरलेल्यांना चिरडलं असतं तर जगाला नवल वाटलं नसतं. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये विरोधातल्या गाएताँ द्युवाल यांना मंत्रिमंडळात घेतलं. फौज ठेवलीच नाही, आजही नाही. निवडून आलेल्या ६२ जागांखेरीज आठ जागा, ज्या समाजाचे पुरेसे प्रतिनिधी आले नाहीत त्यांच्या पराभूत उमेदवारांना देण्याची सोय केली. ही सोय सदोष आहे. तिला लागणारी समाजनिहाय आकडेवारी १९७२ च्या जनगणनेनंतर घेतलीच गेली नाही, म्हणजे आजच्या जागा पन्नास वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर वाटल्या जातात, आणि मी अमुक समाजाचा आहे असं लिहून न देणाऱ्या उमेदवारांना अडवलं गेलं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यावर बोट ठेवलं. तिथल्या तरुणांना ही व्यवस्था नको आहे आणि मला त्यांचं पटतं. पण १९६८ च्या त्या भीतीत हरलेल्यांना खुर्ची मिळणं, हे दंगलीपासून बचावण्याचं कारण होतं, हेही तितकंच खरं.

आता जागा नाही या तक्रारीकडे परत येऊ. २००२ पासून परदेशी श्रीमंतांना समुद्राकाठी बंगले विकण्याची योजना सुरू झाली. उसाच्या मोठ्या कंपन्यांनी मळे मोडून त्यावर बंगले आणि गोल्फची मैदानं केली. किनाऱ्यालगतची ८१ मीटरची पट्टी कायद्याने सरकारची आहे, फ्रेंच काळापासून तिला पा जेओमेत्रिक म्हणतात. तिचा मोठा भाग हॉटेलांना आणि खासगी बंगल्यांना भाडेपट्ट्याने दिलेला आहे. रविवारी फ्लिक आँ फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली चादर टाकायला जागा मिळत नाही. डेगीतून आणलेली बिर्याणी मांडीवर धरून खावी लागते. चारशे पावलांवर हॉटेलच्या रिकाम्या खुर्च्या ओळीने उभ्या असतात. बेटाला जागा कमी पडते की कुणाला तरी कमी पडते? पाण्याचंही असंच. नोव्हेंबरमध्ये नळ कोरडे पडले की लोकसंख्येला दोष दिला जातो. वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि नळात सोडलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त जुन्या, फुटक्या वाहिन्यांतून वाया जातं. गळकी वाहिनी बदलायला निधी लागतो, माणसांना दोष द्यायला लागत नाही.

गंमत वाटावी इतक्या लवकर वारं फिरलं, पण मला त्यात गंमत वाटत नाही, चिंता वाटते. जे बेट माणसांनी बुडणार होतं तिथे आज बाईमागे दीडसुद्धा मूल होत नाही. २०२२ ची जनगणना २०११ पेक्षा किंचित कमी भरली. कारखान्यांत हजारो बांगलादेशी, भारतीय, नेपाळी आणि मादागास्करचे कामगार आहेत, कारण स्थानिक माणूस मिळत नाही. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने सर्वांना मिळणाऱ्या वृद्धापकाळाच्या पेन्शनचं वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्टवर न्यायचं जाहीर केलं आणि लोक रस्त्यावर आले. आता तिथे म्हणू लागलेत, मुलं वाढवा. आपल्याकडेही दक्षिणेतले काही नेते जास्त मुलं जन्माला घाला म्हणू लागलेत. मला हे जुन्याच चुकीचं दुसरं टोक वाटतं. साठ साली बाईला सांगितलं, तुझी मुलं जास्त आहेत. आज सांगतात, कमी आहेत. व्हाक्वाच्या त्या नातीने एकच मुलगा का ठेवला? तिने सांगितलं: घराचा हप्ता, दोघांची नोकरी, पाळणाघराचा खर्च आणि पोराच्या खासगी शिकवण्या. परीक्षेची जीवघेणी स्पर्धा तिथेही आहे. तिला भाषण देऊन दुसरं मूल होणार नाही. तिच्या आजीचं चौथं मूलही भाषणाने टळलं नव्हतं.

उसाचा भाव आता पूर्वीसारखा नाही. ग्राँ मॉर्सेलमाँमध्ये घेतलेले ते छोटे तुकडे त्यांचेच वंशज टाकून देऊ लागलेत, तोडणीला मजूर मिळत नाही, एकेका शेतात ऊस जाऊन झुडपं माजली आहेत. मोठ्या मळ्यांवर यंत्राने तोडणी व्हावी म्हणून दगडांचे ढीग यंत्रांनी उपसले जातात. मी पाहिलेला ढीग अजून असेल की नाही, ठाऊक नाही. या रिकाम्या होणाऱ्या जमिनीवर बंगले येतात, भाजीपाला येतो की ज्यांना १८३५ मध्ये काही मिळालं नाही त्यांच्या नातवंडांची घरं येतात, याकडे माझं लक्ष आहे. पुढच्या परिसंवादाला मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि दोन्ही वक्त्यांना हाच एक प्रश्न विचारणार आहे: जमीन कुणाच्या नावावर आहे?